दिवाळखोरीचा अर्ज गैरहजेरीत उडाला? मग पुढं काय करायचं ते बघा

"केस उडाली." फोनवर माणूस एवढंच बोलतो आणि गप्प होतो. मी सांगलीत दिवाणी वकिलांच्या ऑफिसात कारकून आहे, बोर्ड म्हणजे त्या दिवशीच्या केसांची यादी बघणं, रोजनामा म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामकाजाची नोंद उतरवून घेणं, नकला काढणं हे रोजचंच, त्यामुळं असे फोन नवे नाहीत. अशा वेळी मी आधी तीन गोष्टी विचारतो. कुठल्या कोर्टात होती, कुठल्या तारखेला उडाली आणि त्या दिवशी समोरचा हजर होता का. याची नीट उत्तरं मिळाली की निम्मं काम झालं, आणि बहुतेकांना तिन्हीपैकी एकाचंही उत्तर माहीत नसतं हेही तितकंच खरं.

पहिल्यांदा एक समजून घ्या. गैरहजेरीत अर्ज काढून टाकला म्हणजे कोर्टानं देणं आहे की नाही, माणूस बुडालाय की नाही यातलं काहीच ठरवलेलं नसतं. फाईल बंद झाली, बस. देणेकऱ्याला वाटतं सुटलो, घेणेकऱ्याला वाटतं पैसे गेले, आणि दोघंही चुकतात. देणं आहे तिथंच आहे, वसुली आहे तिथंच आहे, फक्त नादारीच्या, म्हणजे दिवाळखोरीच्या, अर्जाचं जे छत्र होतं ते गेलं. ते परत उभं करायला कायद्यानं ३० दिवस दिलेत. हा सगळा लेख त्या ३० दिवसांबद्दल आहे असं धरून चाला.

आधी कोर्ट ओळखा

आपल्याकडं दिवाळखोरी म्हटलं की लोकांना २०१६ चा नवा कोड आठवतो. पण साध्या माणसाला, म्हणजे मार्केट यार्डातला हळदीचा व्यापारी, विट्याचा यंत्रमागवाला, तासगावचा बेदाणेवाला, यांना अजून जुना १९२० चा प्रांतिक नादारी कायदाच लागतो. नव्या कोडातला व्यक्तींचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्या लोकांपुरता सुरू झालाय, बाकीच्यांना नाही. त्यामुळं तुम्ही स्वतःच्या नावावर धंदा करत असाल किंवा भागीदारी असेल तर तुमचा अर्ज जिल्हा कोर्टाकडं, नाहीतर शासनानं अधिकार दिलेल्या वरिष्ठ स्तर दिवाणी कोर्टाकडं असतो. कंपनी असेल तर मुंबईची एनसीएलटी, म्हणजे कंपन्यांच्या केसांचं ट्रिब्युनल. कंपनीच्या कर्जाला तुम्ही स्वतः जामीन असाल तर डीआरटी, म्हणजे कर्जवसुलीचं ट्रिब्युनल, पण त्याच कंपनीची केस एनसीएलटीत चालू असेल तर तुमचीही तिकडंच जाते.

हे ठरवल्याशिवाय कुठलाही अर्ज टाईप करायला बसू नका. ओळखीच्या माणसाकडून मिळालेला एनसीएलटीचा नमुना दिवाणी कोर्टात जसाच्या तसा देणारे लोक मी बघितलेत, शिरस्तेदार साहेब तो नुसता उलटा करून परत देतात.

रोजनामा वाचा, मोबाईलवर भागवू नका

ई-कोर्ट्सच्या ॲपवर सोळा अक्षरांचा सीएनआर नंबर टाकला की "डिस्पोज्ड" एवढं दिसतं. तेवढ्यावर काही कळत नाही. कोर्टात जाऊन रोजनामा बघायचा, त्यात साधारण असं लिहिलेलं असतं: "वारंवार पुकारा करूनही अर्जदार व त्यांचे वकील गैरहजर. सामनेवाले यांचे वकील हजर. सबब अर्ज गैरहजेरीबद्दल काढून टाकण्यात येतो." यातलं मधलं वाक्य, समोरचा हजर की गैरहजर, तेच सगळ्यात महत्त्वाचं.

का ते सांगतो. नादारी कायद्याच्या कलम ५ प्रमाणं कोर्ट दिवाणी दाव्याचीच पद्धत वापरतं, त्यामुळं दिवाणी प्रक्रिया संहितेची ९ नंबरची ऑर्डर इथं कामाला येते. दोन्ही बाजू गैरहजर असतील तर ते नियम ३ खाली, आणि मग नियम ४ प्रमाणं तुम्हाला दोन वाटा असतात, नवीन दाखल करा नाहीतर जुनाच मूळ नंबरावर घ्यायचा, म्हणजे बंद झालेली केस परत चालू करायचा, अर्ज द्या. समोरचा हजर होता आणि फक्त तुम्ही नव्हता तर ते नियम ८, आणि तिथं नियम ९ आडवा येतो, त्याच कारणावर नवा दावा घालता येत नाही, जुनाच परत नंबरावर आणायला लागतो आणि त्यासाठी समोरच्याला नोटीसही काढायला लागते. नियम ४ मध्ये नोटिशीची ही सक्ती नाही, त्यामुळं ते काम लवकर उरकतं.

अजून एक बघायचं, अर्ज "गैरहजेरीबद्दल" काढलाय की "पुराव्याअभावी" फेटाळलाय. कधीकधी कोर्ट माणूस नाही म्हणून थांबत नाही, आहे त्या कागदांवर कलम २५ खाली निकाल देऊन टाकतं, की अर्ज करायचा हक्कच शाबीत झाला नाही. तसं असेल तर नंबरावर घेण्याचा अर्ज चालत नाही, तिथं अपील लागतं. आणि प्रोसेस फी भरली नाही म्हणून काढला असेल तर तो नियम २, पण त्यालाही नियम ४ चीच वाट आहे.

३० दिवस कसे मोजायचे

मुदत कायद्याच्या परिशिष्टात अनुच्छेद १२२ आहे. काढून टाकल्याच्या तारखेपासून ३० दिवस, पण तो दिवस स्वतः मोजायचा नाही. म्हणजे १० जूनला उडाली तर ११ जूनपासून मोजायला लागा, १० जुलै शेवटचा दिवस. तुम्हाला कधी कळलं याला इथं किंमत नाही, बऱ्याच जणांचा घोटाळा इथंच होतो, "मला तर परवा कळलं" म्हणून परवापासून मोजतात.

दुसरा घोटाळा नकलेचा. लोक नकलेचा अर्ज टाकतात, नक्कल यायला वेळ लागतो, आणि मनात धरून बसतात की तेवढे दिवस वजा मिळतील. अपिलात मिळतात. नंबरावर घेण्याच्या अर्जात मिळत नाहीत, मुदत कायद्याच्या कलम १२ मध्ये हा अर्ज बसतच नाही. त्यामुळं नकलेची वाट बघू नका, रोजनाम्यातला मजकूर उतरवून घ्या, अर्ज ठोकून द्या आणि "नक्कल मिळताच दाखल करू" अशी पुरसिस, म्हणजे कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन, सोबत लावा.

सुट्टीची एक सवलत मात्र खरी आहे. तिसावा दिवस उन्हाळ्याच्या सुट्टीत किंवा दिवाळीच्या सुट्टीत पडला तर कोर्ट उघडेल त्या पहिल्या दिवशी दिलेला अर्ज मुदतीत धरतात. पहिल्याच दिवशी हं, दुसऱ्या दिवशी गेलात की संपलं. आणि कोर्ट उघडायच्या दिवशी फायलिंगच्या खिडकीसमोर काय गर्दी असते ते विजयनगरच्या कोर्टात एकदा येऊन बघा, सकाळीच नंबर लावा.

३० दिवस टळलेच असतील तर सोबत विलंब माफीचा वेगळा अर्ज, मुदत कायद्याच्या कलम ५ खाली. त्यात "उशीर झाला माफ करा" एवढं लिहून चालत नाही, मुदत संपल्यापासून अर्ज देईपर्यंतच्या काळाचा हिशोब द्यावा लागतो. सुप्रीम कोर्टानं १९८७ च्या कलेक्टर अनंतनाग विरुद्ध कातिजी या निकालात सांगितलंय की उशिराकडं फार ताठरपणे बघू नये, उशीर करून माणसाचा स्वतःचा फायदा नसतो. हा निकाल प्रत्येक वकील लावतो आणि प्रत्येक समोरचा वकील त्याला "हो पण" म्हणतो. खरा जोर तुमच्या कागदात पाहिजे.

कारण आणि त्याचा कागद

कोर्टाला "पुरेसं कारण" पाहिजे असतं. ते काय असावं याची यादी कायद्यात नाही. माझ्या बघण्यात जे टिकतं ते म्हणजे नेमक्या त्या तारखेचं कारण आणि त्या तारखेचा कागद. बाकी सगळं पाणचट.

तब्येतीचं कारण असेल तर नुसतं सर्टिफिकेट आणू नका, ते कसं मिळतं हे न्यायाधीशांनाही माहीत असतं. मिरजेच्या दवाखान्यात दाखल झाला असाल तर डिस्चार्ज कार्ड आणा, त्यावर दाखल आणि सोडल्याची तारीख असते, सोबत मेडिकलची बिलं. पुराचं कारण असेल तर २०१९ किंवा २०२१ सारखं सगळ्यांना माहीत असलेलं असलं तरी तुमचं गाव कुठलं, रस्ता कुठं तुटला, आयर्विन पुलाखाली त्या दिवशी पाणी किती होतं याची पेपरातली बातमी लावा. सांगली शहरात राहणाऱ्यानं विजयनगरला येता आलं नाही म्हणणं वेगळं आणि पलूस तालुक्यातल्या नदीकाठच्या गावातल्या माणसानं म्हणणं वेगळं.

तारीखच चुकीची लिहून घेतली हे कारण चालतं, पण मग वकिलांच्या डायरीचं त्या दिवसाचं पान लावा आणि वकिलांचं किंवा कारकुनाचं प्रतिज्ञापत्र द्या. इथं वकील मंडळी जरा नाराज होतात, पण पक्षकारानं हट्ट धरायचा. रफिक विरुद्ध मुन्शीलाल या १९८१ च्या निकालात सुप्रीम कोर्टानं म्हटलंय की ज्यानं वकील दिला, फी दिली, त्या पक्षकाराला वकिलाच्या चुकीची शिक्षा नको. पण हे हत्यार प्रत्येक वेळी चालत नाही, १९९३ च्या सलील दत्ता प्रकरणात त्याच कोर्टानं सांगितलं की शिकलेला, जाणता पक्षकार सगळं वकिलावर ढकलून मोकळा होऊ शकत नाही. खेड्यातला शेतकरी आणि टॅली वापरणारा व्यापारी यांना एकच माप लागेल असं समजू नका.

वकिलांचं काम बंद होतं हे कारण आमच्याकडं लोक फार देतात, कोल्हापूरला हायकोर्टाच्या खंडपीठासाठी आंदोलनं झाली तेव्हा तर सर्रास. त्यावर एकट्यावर विसंबू नका, सुप्रीम कोर्टानं वकिलांना संपाचा हक्क नाही असं हरीश उप्पल प्रकरणात केव्हाच म्हटलंय, आणि वकील नाही तर तुम्ही स्वतः का उभे राहिला नाही हा प्रश्न येतोच.

अर्जातला कारणाचा परिच्छेद कसा असावा ते दाखवतो. वाईट नमुना: "अर्जदार काही अपरिहार्य कारणास्तव हजर राहू शकले नाहीत, तरी न्यायाच्या दृष्टीने अर्ज मंजूर व्हावा." यात काहीच नाही. आता हे वाचा:

"ता. ९ रोजी रात्री अर्जदार यांच्या छातीत दुखू लागल्याने त्यांना मिरज येथे दवाखान्यात दाखल केले व ता. १२ रोजी घरी सोडले. ता. १० ची नेमणूक अर्जदारास माहीत होती, परंतु दवाखान्यातून हजर राहणे शक्य नव्हते. मुलाने वकिलांना दुपारी कळविले, तोपर्यंत पुकारा होऊन अर्ज काढून टाकण्यात आला होता. डिस्चार्ज कार्ड व बिले यादीसोबत दाखल आहेत."

बघा, तारीख माहीत होती हे स्वतःच कबूल केलंय. ते लपवण्यापेक्षा हे बरं, कारण उलटतपासात निघणारच असतं.

समोरचा त्याच्या म्हणण्यात हमखास लिहितो की अर्जदार नेहमीच गैरहजर असतात, मागच्याही तारखा बुडवल्यात. त्याला उत्तर म्हणून जी. पी. श्रीवास्तव विरुद्ध आर. के. रायजादा हा २००० चा निकाल जवळ ठेवा. प्रकरण एकतर्फी हुकुमाचं आहे, पण मुद्दा हाच, की ज्या दिवशीच्या गैरहजेरीवर हुकूम झाला त्या दिवसाचं कारण बघायचं, मागचं उकरत बसायचं नाही.

प्रत्यक्ष दाखल करताना

हा किरकोळ अर्ज म्हणून वेगळ्या नंबरानं नोंदला जातो. सोबत प्रतिज्ञापत्र, कागदांची यादी, वकीलपत्र, कोर्ट फीचा स्टॅम्प, आणि सामनेवाल्यांच्या संख्येइतक्या प्रती. मूळ केस देणेकऱ्याची असेल तर सामनेवाले म्हणजे सगळे घेणेकरी, पतसंस्था, बँक, खतवाला, ज्यांची ज्यांची नावं यादीत आहेत ते, एकालाही वगळू नका, नाहीतर तो नंतर येऊन "मला नोटीस नाही" म्हणून सगळं परत मागं नेतो. प्रोसेस फी त्याच दिवशी भरा आणि बेलिफाला पत्ता नीट सांगा, "मार्केट यार्ड, सांगली" एवढ्या पत्त्यावर बेलिफ काय कपाळ शोधणार, गाळा नंबर द्या.

मग सामनेवाले म्हणणं देतात, युक्तिवाद होतो, आणि बहुतेक वेळा कॉस्ट लावून अर्ज मंजूर होतो. कॉस्टची रक्कम हुकुमात लिहिलेल्या मुदतीत भरा आणि पावती पुरसिसनं दाखल करा. अर्ज मंजूर झाला पण कॉस्ट भरली नाही म्हणून परत लटकलेली प्रकरणं कमी नाहीत. आणि कृपा करून या किरकोळ अर्जाच्या तारखेला तरी हजर राहा, कारण तोही गैरहजेरीत उडतो आणि मग तो नंबरावर घ्यायला अजून एक अर्ज, न्यायाधीश तोंडावर हसत नाहीत एवढंच.

पैसे नाहीत म्हणून वकील नाही अशी अडचण असेल तर त्याच आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. बायकांना तिथं उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, १९८७ च्या कायद्यात तसं स्पष्ट आहे.

अर्ज घेणेकऱ्यानं केला असेल तर

समजा तुम्ही हळदीचे अडते आहात, एका व्यापाऱ्यानं माल उचलला, दुकानाला कुलूप लावून गायब झाला आणि तुम्ही त्याला नादार ठरवायचा अर्ज केला. तो गैरहजेरीत उडाला. बरेच जण म्हणतात, जाऊ दे, नवीन टाकू. नियम ८ खाली उडाला असेल तर नियम ९ आहेच, पण दोघंही गैरहजर होते आणि नवीन टाकायची वाट मोकळी आहे असं वाटत असलं तरी थांबा.

नादारी कायद्याचं कलम ९ म्हणतं की घेणेकऱ्याच्या अर्जाला नादारीचं कृत्य अर्जाच्या आधीच्या ३ महिन्यांतलं पाहिजे. दुकान बंद करून पळणं, घेणेकऱ्यांना चुकवायला तोंड लपवणं, पैसे देणं थांबवलं अशी नोटीस देणं, हुकूमनाम्यात मिळकत विकली जाणं, ही कृत्यं कलम ६ मध्ये दिलीत. तुमचा पहिला अर्ज त्या ३ महिन्यांत होता. मधे कोर्टात काळ गेला, आता नवीन टाकाल तेव्हा ते कृत्य जुनं झालं. नवीन कृत्य सापडलं तर ठीक, नाहीतर अर्ज उभाच राहत नाही. जुना अर्ज मूळ नंबरावर आला तर त्याची तारीखही जुनीच राहते.

त्या तारखेला अजून एक वजन आहे. नादार ठरवल्याचा हुकूम झाला की कलम २८ प्रमाणं त्याचा अंमल अर्ज दाखल झाल्याच्या दिवसापासून धरला जातो. आणि कलम ५४ मध्ये, एखाद्याच घेणेकऱ्याला झुकतं माप देऊन मिळकत दिली असेल तर अर्जाच्या आधीच्या ३ महिन्यांतलं ते देणं रद्द होऊ शकतं. व्यापाऱ्यानं गायब होण्याआधी मेव्हण्याला ट्रक लिहून दिला असेल, तर जुन्या अर्जाच्या तारखेनं तो सापडतो, नव्या तारखेनं निसटतो. मेव्हणे अशा वेळी कोर्टात फार नम्र असतात, तेवढं लक्षात ठेवा.

तुम्ही अर्ज करणारे नाही पण तुमचंही त्याच माणसाकडं येणं आहे, आणि अर्ज करणारा समोरच्याशी आतून मिटवून गैरहजर राहतोय असा वास आला तर कलम १६ वापरा. अर्जदार नीट चालवत नसेल तर कोर्ट दुसऱ्या घेणेकऱ्याला त्याच्या जागी अर्जदार करू शकतं. हे केस उडायच्या आधी करायचं असतं, त्यामुळं बोर्डावर लक्ष पाहिजे. कलम १४ प्रमाणं नादारीचा अर्ज कोर्टाच्या परवानगीशिवाय मागंही घेता येत नाही, म्हणून काहीजण मागं घेण्याऐवजी मुद्दाम गैरहजर राहतात, ही पळवाट जुनी आहे.

अर्ज देणेकऱ्यानं स्वतः केला असेल तर

तुमच्यावर दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या वसुलीची केस, चालू आहे, अटकेचं वॉरंट निघालं, आणि कोर्टात तुम्ही म्हणालात मी नादारीचा अर्ज करतो. दिवाणी संहितेच्या कलम ५५ प्रमाणं एक महिन्यात अर्ज करीन आणि बोलावलं की हजर राहीन यासाठी तारण दिलं की कोर्ट सोडू शकतं. आता तुम्ही अर्ज केला पण तारखेला गेला नाहीत, तर कोर्ट तारण वसूल करू शकतं किंवा तुम्हाला दिवाणी तुरुंगात पाठवू शकतं. तारण बहुतेक भावाचं नाहीतर सासऱ्याचं असतं. म्हणजे तुमच्या गैरहजेरीचा फटका त्याच्या सातबाऱ्याला. अशा वेळी नंबरावर घेण्याचा अर्ज आणि दरखास्तीत तहकुबीचा अर्ज, दोन्ही एकाच दिवशी द्या, कारण दरखास्त तुमची वाट बघत थांबत नाही.

नादार ठरवल्याचा हुकूम आधीच झालाय आणि त्यानंतर तुम्ही गैरहजर, तर गोष्ट वेगळी. तिथं अर्ज "उडत" नाही. हुकूम करताना कोर्ट मुक्ततेचा, म्हणजे देण्यातून सुटण्याचा, अर्ज करायला मुदत देतं, त्या मुदतीत अर्ज केला नाही किंवा त्याच्या सुनावणीला गेला नाहीत तर नादारी कायद्याच्या कलम ४३ प्रमाणं नादारीचा हुकूमच रद्द होतो. लोकांना हे माहीतच नसतं, त्यांना वाटतं एकदा नादार झालो की झालो. हुकूम रद्द झाला की संरक्षण गेलं, आणि परत अर्ज करायचा तर कलम १० प्रमाणं आधी कोर्टाची परवानगी, त्यासाठीही रास्त कारण दाखवायला लागतं. मुदत संपत आली असेल तर कलम २७ खाली ती वाढवून मागा, हे फार स्वस्तात होतं.

समोरच्याच्या जागी तुम्ही असाल तर

अर्ज करणारा हजर आणि तुम्ही गैरहजर असं झालं तर अर्ज उडत नाही, तो एकतर्फी चालतो. अजून निकाल झाला नसेल तर पुढच्या तारखेला जाऊन उभे राहा. १९५५ च्या संग्राम सिंग प्रकरणात सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की एकतर्फी झालं म्हणून पुढच्या सुनावणीत भाग घ्यायचा हक्क जात नाही, फक्त मागं झालेलं परत उघडायचं असेल तर कारण द्यायला लागतं. निकाल झाला असेल तर नियम १३ खाली रद्द करायचा अर्ज, मुदत ३० दिवसच, पण अनुच्छेद १२३ प्रमाणं समन्सच नीट बजावलं नसेल तर हुकूम कळल्यापासून मोजतात.

घेणेकरी म्हणून यादीत नाव लावायचं राहिलं तर घाबरू नका, देणेकऱ्याला मुक्तता मिळेपर्यंत नादारी कायद्याच्या कलम ३३ खाली आपल्या येण्याचा पुरावा देऊन नाव घालून घेता येतं.

मुंबईची एनसीएलटी

कंपनीची केस असेल तर सांगली-साताऱ्याहून थेट कफ परेडला. थकबाकी किमान १ कोटी असल्याशिवाय तिथं जाताच येत नाही, मार्च २०२० पासून ही रक्कम वाढवलीय, आधी १ लाख होती. तिथल्या २०१६ च्या नियमांत नियम ४८ आहे: अर्जदार पुकाऱ्याला नसला तर ट्रिब्युनल अर्ज काढून टाकू शकतं किंवा गुणदोषावर निकाल देऊ शकतं. काढून टाकला तर ३० दिवसांत अर्ज आणि पुरेसं कारण दाखवलं की नंबरावर घेतात. गुणदोषावर निकाल दिला असेल तर हा नियम मदतीला येत नाही, मग नव्या कोडाच्या कलम ६१ खाली एनसीएलएटीत, म्हणजे वरच्या अपील ट्रिब्युनलमध्ये, अपील, ३० दिवस आणि फार तर वरचे १५.

हे सगळं अर्ज दाखल करून घेण्याआधीचं. एकदा कंपनीवर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली की ती एकट्या अर्जदाराची राहत नाही, सगळ्या घेणेकऱ्यांची होते, त्यामुळं तुम्ही गेला नाहीत म्हणून बंद पडत नाही. मागं घ्यायची म्हटलं तर घेणेकऱ्यांच्या समितीची ९० टक्के मतं लागतात. आणि नवीन अर्ज करायचा विचार असेल तर थकल्यापासून ३ वर्षांची मुदत मोजून घ्या, जुन्या केसमध्ये गेलेला काळ वजा होईल या भरवशावर राहू नका.

ऑनलाईन जोडायची सोय असते तिथं लिंक तुटली हे कारण सध्या फार ऐकू येतं. स्क्रीनचा फोटो वेळेसकट काढून ठेवा, आणि त्याच मिनिटाला रजिस्ट्रीला मेल टाका.

नंबरावर घ्यायला नकार मिळाला तर

नादारीच्या प्रकरणात खालच्या कोर्टाच्या हुकुमावर कलम ७५ प्रमाणं जिल्हा कोर्टात अपील, मुदत ३० दिवस, इथं नकलेचे दिवस वजा मिळतात म्हणून नकलेचा अर्ज हुकुमाच्याच दिवशी टाका. जिल्हा कोर्टाच्या हुकुमावर हायकोर्टात जायचं असेल तर ९० दिवस, आणि आता त्यासाठी मुंबईला जायला लागत नाही, १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय आणि सांगली, सातारा दोन्ही जिल्हे त्यात येतात. सकाळच्या एसटीनं जाऊन संध्याकाळी घरी येता येतं.

अर्ज मंजूर झाला तर हुकुमात मूळ केसची पुढची तारीख दिलेली असते किंवा मूळ कोर्टात हजर व्हायचा दिवस लिहिलेला असतो. तो दिवस वकिलांच्या डायरीत, तुमच्या मोबाईलमध्ये आणि घरच्या कॅलेंडरवर तिन्हीकडं लिहा, आणि मूळ केस ॲपवर परत "पेंडिंग" दिसायला लागली का ते बघा. दिसत नसेल तर हुकुमाची नक्कल घेऊन संबंधित टेबलाला जा, कारण किरकोळ अर्जाची फाईल एका कपाटात आणि मूळ फाईल रेकॉर्ड रूमला गेलेली असते, ती मागवून घेतल्याशिवाय बोर्डावर येत नाही.